दहावीच्या आत विशारद कशासाठी?

हिवाळी सत्राच्या संगीत परीक्षांचे अर्ज भरायची वेळ आली की पालकांचे दर वर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. "मुलगी आठवीत आहे, मध्यमा प्रथम झालीय. दहावीच्या आत विशारद पूर्ण होईल ना?" "मधली एक परीक्षा गाळून थेट वरच्या परीक्षेला बसवलं तर?" "गाण्याची काळजी नाही मॅडम, फक्त शास्त्राच्या पेपरसाठी महिनाभरात उरकेल असं एखादं गाइड सुचवा." आणि शेवटी हमखास, "विशारद म्हणजे बी.ए.च ना? मग त्यावर काही मिळेल का?"

या सगळ्यांना एकदाच स्पष्ट उत्तर देते. दहावीच्या आत विशारद करायची काहीही गरज नाही. परीक्षा गाळू नका. महिनाभरात शास्त्र होत नाही. आणि ज्या शास्त्राला तुम्ही पाठांतराचा पेपर समजून शेवटच्या महिन्यावर ढकलता, तो भाग मूल पुढे गायक झालं नाही तरी आयुष्यभर त्याच्याजवळ राहतो. म्हणून गायक कसं व्हावं हे मी इथे सांगणार नाही. मध्यमा ते विशारद या टप्प्यातलं शास्त्र कसं शिकावं, त्याची घाई का करू नये आणि त्यातून कोणती वाट निघते, एवढंच सांगणार आहे.

घाई आली कुठून?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या पायऱ्या अनेक घरांना पाठ असतात : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकारचे दोन टप्पे. या परंपरेची सुरुवात पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये काढलेल्या गांधर्व महाविद्यालयापासून होते. त्या काळात गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहून, सेवा करून, वर्षानुवर्षं शिकावं लागे. पलुस्कर स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले होते. सामान्य घरातल्या मुलामुलींनाही ठरावीक अभ्यासक्रमाने गाणं शिकता यावं, म्हणून त्यांनी वर्ग भरवले, पुस्तकं छापली, स्वरलिपी तयार केली. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. शिक्षणाला शिस्त यावी म्हणून परीक्षा आली. तिची शर्यत आपण केली.

शर्यतीचं एक कारण उघड आहे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. नियमात बसत असतील तर ते गुण जरूर घ्या, शाळेकडून प्रस्ताव वेळेत जाईल याची काळजी घ्या. पण त्यासाठी विशारदपर्यंत धावायचं कारण नाही. चालू वर्षाचा नियम शाळेतून समजून घेतलात की अर्धी घाई आपोआप संपेल.

दुसरं कारण म्हणजे 'विशारद म्हणजे बी.ए.' हा समज. समकक्षता कुणाच्या सांगण्यावर ठरत नाही. ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा किंवा ज्या संस्थेत नोकरी मागायची, तिचे नियम काय म्हणतात त्यावर ती ठरते. अनेक ठिकाणी विशारदबरोबर कुठल्यातरी शाखेची पदवीही मागतात. म्हणजे पंधराव्या वर्षी विशारद झालेल्या मुलीलाही बारावी आणि पदवी करावीच लागणार. मग तिने तीच परीक्षा विसाव्या वर्षी, आवाज आणि समज दोन्ही पक्की झाल्यावर दिली, तर तिचं काय बिघडलं? काहीच नाही. उलट विशारदच्या अभ्यासक्रमातले राग गायला जी प्रगल्भता लागते, ती तेव्हा कुठे येऊ लागलेली असते.

मुलग्यांच्या बाबतीत तर ही घाई थेट नुकसान करते. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षात मुलाचा आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा वर्षभरात काळी एकच्या आसपास येतो, आणि मधल्या काळात त्याला स्वतःच्याच गळ्याचा भरवसा नसतो. नेमक्या याच वर्षांत पालक त्याला मध्यमा पूर्ण आणि विशारदच्या गायनाला बसवतात, तानांचा वेग वाढवायला लावतात. मुलगा खाकरतो, चिरकतो, लाजतो आणि गाणं सोडतो. खरं तर ही दोन-तीन वर्षं शास्त्रासाठी फार मोलाची आहेत. गळ्याला हलक्या रियाजावर ठेवा आणि कान, हात, डोकं कामाला लावा. ठेके धरायला शिकवा, स्वरलिपी लिहायला लावा, भरपूर ऐकवा. आवाज स्थिरावेल तेव्हा हा मुलगा बरोबरीच्या मुलांच्या पुढे असेल.

शास्त्रात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे

गाइडमधून शास्त्र शिकलेल्या मुलाला विचारा, एका थाटातून किती राग निघतात? तो लगेच म्हणेल, ४८४. कसे? मग तो नऊ ओळींचं कोष्टक म्हणू लागेल : संपूर्ण-संपूर्ण १, संपूर्ण-षाडव ६, संपूर्ण-औडव १५… मध्येच एक ओळ विसरला की सगळं कोसळतं.

आता हेच समजून पाहा. सा कधी वर्ज्य होत नाही. उरले सहा स्वर. आरोहात एकही स्वर गाळला नाही तर एक प्रकार. एक स्वर गाळायचा तर सहा प्रकार. सहातले कुठलेही दोन गाळायचे तर पंधरा. एकूण बावीस. अवरोहाचेही तसेच बावीस. बावीस गुणिले बावीस, ४८४. कोष्टक पाठ करायची गरजच उरली नाही. अकरावीच्या गणितात हीच निवड मुलं शिकतात, पण संगीताच्या पेपरात ती वापरायची असते हे त्यांना कुणी सांगत नाही.

पुढचा प्रश्न गाइडमध्ये नसतो, तो मी मुलांना विचारते. रागात म आणि प एकाच वेळी वर्ज्य नसतात, हा नियम तुम्ही लक्षणांच्या यादीत पाठ केलात. तो आरोह आणि अवरोह दोन्हींना वेगवेगळा लावला, तर ४८४ चे किती उरतील? बावीसातला एक प्रकार बाद होतो, एकवीस गुणिले एकवीस, ४४१. हे उत्तर ज्या मुलीने स्वतः काढलं, तिला रागाचे नियम कशासाठी असतात हे कळायला लागलं. आणि मग ती आपणहून विचारते की गणिताने शेकड्यांनी राग निघतात, तर मैफलीत एवढे थोडे का ऐकू येतात? इथे शास्त्राचा खरा अभ्यास सुरू होतो. स्वरांची जुळणी मिळाली म्हणून राग होत नाही. त्याला चलन लागतं, वादी-संवादी लागतात, रंजकता लागते.

थाटांचंही तेच. सा आणि प अचल. रे, ग, म, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपं. दोनचा पाच वेळा गुणाकार केला की ३२ थाट होतात. सतराव्या शतकात व्यंकटमखीने 'चतुर्दंडिप्रकाशिका'त ७२ मेल सांगितले, कारण त्याने मोजणी वेगळी केली : सा आणि म यांच्यामधल्या चार जागांतून दोन निवडायच्या, त्याचे सहा प्रकार, प आणि वरचा सा यांच्यामध्ये तसेच सहा, सहा गुणिले सहा, छत्तीस, शुद्ध आणि तीव्र मध्यमामुळे दुप्पट. पं. विष्णु नारायण भातखंड्यांनी या सगळ्यांतून दहाच थाट घेतले, कारण त्यांच्यासमोर प्रत्यक्ष गायले जाणारे राग होते. बत्तीस, बहात्तर आणि दहा हे तीन आकडे घोकायचे नाहीत. एकाच प्रश्नाकडे तीन प्रकारे कसं पाहता येतं, हे समजून घ्यायचं.

भूपाली आणि देसकार घ्या. दोघांचेही स्वर सा, रे, ग, प, ध. भूपालीचा थाट कल्याण, वादी गंधार, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकारचा थाट बिलावल, वादी धैवत, वेळ सकाळची. 'तुलना करा' या प्रश्नाला मुलं दोन रकाने आखतात आणि हीच माहिती समोरासमोर लिहितात. पण दोन्ही रागांत ना मध्यम आहे ना निषाद, मग एकाचा थाट कल्याण आणि दुसऱ्याचा बिलावल ठरला कसा? हा प्रश्न ज्याला पडला, तो थाट पद्धतीच्या मर्यादेवर स्वतःचं उत्तर लिहू शकतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचाही संच असाच आहे. स्वर तेच, पण मारव्यात भर रे आणि धवर, पूरियात ग आणि नीवर, सोहनीत वरच्या अंगाच्या धवर. तिन्ही एकापाठोपाठ एक ऐकल्याशिवाय हा धडा कागदावर कळणार नाही.

लयकारीत मुलं सगळ्यात जास्त गुण घालवतात, आणि तिथे गुण घालवायचं काहीच कारण नाही. झपतालाची तिगुन एका आवर्तनात लिहायची आहे. दहा मात्रांना तिगुनीत जागा लागते दहा भागिले तीन, म्हणजे सव्वातीनच्या किंचित वर, ३ १/३ मात्रा. म्हणजे सुरुवात ६ २/३ मात्रांनंतर करायची. सातव्या मात्रेचे पहिले दोन भाग अवग्रहाचे, तिसऱ्या भागात 'धी'. आठवीत 'ना धी धी', नववीत 'ना ती ना', दहावीत 'धी धी ना', आणि समेवर आलात. मोजून पाहा, दहाचे दहा बोल आले. हा भागाकार ज्याला जमला त्याला धमार काय आणि आडाचौताल काय, सारखेच. आड, कुआड, बिआड या लयींतही पद्धत हीच. तिथे भागायचं दीडने, सव्वाने आणि पावणेदोनने. कागदावर लिहिलं की लगेच हातावर टाळी-खाली देऊन म्हणा. हाताने चुकलं तर कागदही चुकलेला आहे.

मध्यमापासून विशारदपर्यंत अभ्यास कसा करावा?

शास्त्राला आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, प्रत्येकी एक तास. वर्षभर. परीक्षेच्या आधीचा महिना फक्त लिखाणाच्या सरावासाठी ठेवा. यापेक्षा जास्त वेळ शाळकरी मुलाला देता येत नाही आणि द्यायची गरजही नाही.

पहिला तास वहीचा. जी बंदिश त्या आठवड्यात गुरुजींनी शिकवली, ती स्वतःच्या हाताने स्वरलिपीत लिहायची. छापील पुस्तकातून उतरवायची नाही, गाऊन, ऐकून लिहायची. मगच पुस्तकाशी ताडून पाहायची. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. सम गुणिलेच्या चिन्हाने आणि काल शून्याने दाखवतात. पलुस्कर लिपीत चिन्हं वेगळी आहेत. दोन्ही पद्धती विचारतात आणि मुलं त्यांची हमखास सरमिसळ करतात. एकच बंदिश दोन्ही लिप्यांत लिहून काढली की सरमिसळ थांबते. महिन्याला दोन बंदिशी या हिशोबाने दोन वर्षांत तुमच्या हातची चांगली जाड वही तयार होईल. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ती वही मी आधी पाहायला मागते.

दुसरा तास कानाचा आणि वाचनाचा. भूपाली-देसकारसारख्या समप्रकृती रागांची जोडी निवडून एकाच बैठकीत ऐका आणि फरक स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहा. याच ओळी पेपरात उपयोगी पडतात, आणि परीक्षकाला त्या पाठ केलेल्या नाहीत हे लगेच कळतं. वाचायला गाइड बाजूला ठेवा आणि भातखंड्यांचं 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' उघडा. भातखंडे मूळचे मुंबईचे वकील. त्यांनी हा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरू आणि शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य शंका काढतात, गुरू उत्तर देतो, कधी आधीच्या ग्रंथकारांचं म्हणणं तपासून ते टिकत नाही असंही सांगतो. मराठी मुलाला हा ग्रंथ मूळ भाषेत वाचता येतो, ही केवढी सोय आहे! ती सोडून घाईघाईने रचलेली टिपणं घोकणं याला मी आळसच म्हणेन. सगळे भाग वाचायचे नाहीत. जो राग या वर्षी अभ्यासाला आहे, त्याच्यावरची चर्चा तेवढी वाचा.

श्रुती-स्वरांच्या प्रकरणाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांना तार हातात द्या. पाठ्यपुस्तकात ३६ इंचांची तार घेतात. पूर्ण तार छेडली की सा. २७ इंचांवर शुद्ध मध्यम, २४ वर पंचम, १८ वर तार षड्ज. सा ची कंपनसंख्या २४० धरली तर मध्यमाची ३२०, पंचमाची ३६०, तार षड्जाची ४८०. तार जेवढ्या पटीने आखूड, तेवढ्याच पटीने कंपनं जास्त. भौतिकशास्त्रातला हा धडा अहोबलाने सतराव्या शतकात 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून मांडला होता. हे दोन्ही धडे एकाच आठवड्यात वाचणारी मुलगी दोन्ही विषयांत पक्की होते.

पालकांनो, इथे थांबा

आता जे लिहिते आहे ते काहींना लागेल, तरी लिहिते.

मूल गाण्याच्या परीक्षा देतंय ते तुमच्या मोबाइलच्या स्टेटससाठी नाही. मावशीच्या मुलीची मध्यमा पूर्ण झाली म्हणून आपल्या मुलीची विशारद व्हायला हवी, हा हिशोब गाण्यात चालत नाही. शाळा, शिकवणी, स्कॉलरशिपची परीक्षा, पोहणं आणि त्यावर संध्याकाळी सात वाजता गाणं. एवढं उरकून रात्री जेवायच्या आधी राग ओळखायला लावणाऱ्या घरांत मूल गाण्याचा राग करायला शिकतं. विशारदचं प्रमाणपत्र लावलेलं आहे आणि तानपुऱ्याची गवसणी वर्षभर उघडलेली नाही, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. तिथे पालकांना अभिमान वाटतो. मुलांशी एकट्याने बोललं की ती सांगतात, सुटलो.

गुरुजींवर दबाव आणू नका. "या सत्रात बसवाच" असा आग्रह धरणारे पालक जितके वाढतात, तितकं शिकवणं अभ्यासक्रमापुरतं आक्रसत जातं. दर सत्राला तेवढेच राग, तेवढ्याच ताना, लिहून दिलेल्या आणि पाठ केलेल्या. तुमचं मूल तयार नाही असं सांगणारे गुरुजी तुमच्या मुलाचं भलं चिंततात. क्लास बदलण्याआधी त्यांचं ऐका.

आणि एक गोष्ट मुलाला स्वतः विचारा, गुण किती मिळाले ते सोडून. या महिन्यात तुला कुठला राग आवडला? का? उत्तरासाठी वेळ द्या. मूल दोन वाक्यंही बोलत नसेल, तर पुढच्या परीक्षेचा अर्ज भरू नका. एक सत्र जाऊ द्या. परीक्षा वर्षातून दोनदा असते. बाल्य दोनदा नसतं.

नेहमीच्या वाटा, थोडक्यात

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा : जायचं तर जा, पण त्यांना करिअरची योजना समजू नका. तिथे आवाज आणि सादरीकरण पाहतात, शास्त्र नाही.

संगीतातली पदवी : पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, आणि राज्याबाहेर खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. ज्याला गाणं-वाजवणं हेच करायचं आहे त्याने जरूर जावं, पण विभागात कोण शिकवतं हे आधी बघावं.

पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड : मुंबई-पुण्यात आणि गोव्यात पियानो, व्हायोलिन शिकणाऱ्यांना असोसिएटेड बोर्डाच्या (एबीआरएसएम) सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा बोर्डाने मान्य केलेला पर्याय पूर्ण करावा लागतो. तिथेही मुलं ती महिनाभरात उरकायला बघतात आणि तिथेही माझा सल्ला हाच. थिअरी दर आठवड्याला वाद्याबरोबर शिका.

शिक्षकी : महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे आणि तो पेपर शास्त्राचा आहे. विशारदचं शास्त्र ज्याने समजून केलं, त्याला तो अवघड वाटत नाही. ज्याने घोकून केलं, त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

जिच्याकडे कुणी बघत नाही ती वाट

आता माझ्या आवडीची गोष्ट. संगीतात गायक-वादकांखेरीज आणखी एक माणूस लागतो : ऐकून नेमकं लिहिणारा, दोन मतं तपासणारा, जुनं जपून ठेवणारा आणि ते दुसऱ्याला समजावून सांगणारा. संगीतशास्त्राचा अभ्यासक. पालकांनी या शब्दावर "पण पोट भरेल का?" असं विचारण्याआधी महाराष्ट्राचाच इतिहास पाहावा.

तेराव्या शतकात 'संगीत रत्नाकर' हा ग्रंथ देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने लिहिला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य असा सगळा विस्तार सात अध्यायांत मांडणारा हा माणूस दरबारात हिशोबाच्या कारभारावर होता. भातखंडे वकील होते. बावीस श्रुतींचं गणित मांडणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. गणेश हरी रानडे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट. प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. सरगमवर त्यांनी डॉक्टरेट केली, आकाशवाणीत काम केलं, एसएनडीटीत संगीत विभाग सांभाळला आणि मैफलीही गाजवल्या.

ही यादी नीट वाचा. यातल्या बहुतेकांनी सोळाव्या वर्षी "इंजिनिअरिंग की गाणं" असा निकाल लावला नव्हता. नोकरी-व्यवसायाने घर चाललं, आणि त्या शिक्षणाने त्यांच्या संगीतविचाराला धार आली. वकिलाने ग्रंथांची साक्ष तपासली, भौतिकशास्त्रज्ञाने नाद मोजला. म्हणून ज्या मुलीला गणित आवडतं आणि गाणंही आवडतं, तिला दहावीनंतर एक सोडायला सांगू नका. तिच्यासारखी माणसं या विषयाला हवीच आहेत.

आज या वाटेवर कामही आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास झाला; आयआयटी मुंबईतही हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिविश्लेषणावर संशोधन होतं. अशा कामात संगणकाला सम कुठे आहे, राग कुठला, ही मींड की सरळ स्वर, हे आधी माणसाने ऐकून, खुणा करून द्यावं लागतं. प्रोग्रॅमिंग येणारे पुष्कळ आहेत. विलंबित एकतालातली सम अचूक दाखवणारा आणि प्रोग्रॅमिंगही येणारा शोधावा लागतो. ध्वनिसंग्रहांचंही तसंच. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, १९८२ मध्ये स्थापन झालेलं संगीतसंग्रह आणि संशोधन केंद्र आहे, मुंबईत एनसीपीएचा संग्रह आहे. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत खाजगी मैफलींच्या टेप आणि कॅसेट पडून आहेत. त्यांची यादी करायची तर राग, ताल, बंदिश, घराणं ओळखणारा कान हवा. तो कान मध्यमा ते विशारदच्या वर्षांतच तयार होतो. संगीतोपचार, वाद्यनिर्मिती, ध्वनिमुद्रण, संगीतविषयक लेखन आणि संपादन या सगळ्यांत ज्याचं शास्त्र पक्कं, त्याला जास्त विचारतात.

खोटं आश्वासन देणार नाही. या वाटेवर पूर्ण वेळच्या जागा मोजक्या आहेत, पुष्कळ काम प्रकल्पापुरतं असतं, आणि शिष्यवृत्ती मिळवायला इंग्रजी वाचन-लेखन चांगलं लागतं. म्हणूनच मी म्हणते, हातात एक पदवी ठेवा : संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, इतिहास, काहीही. तिच्या जोडीला समजून केलेलं विशारदचं शास्त्र ठेवा. ही जोडी फार थोड्यांकडे आहे, आणि म्हणूनच तिला किंमत आहे.

आता या सत्रापुरतं सांगते. अर्ज भरण्याआधी मुलाला एक अनोळखी बंदिश ऐकवा आणि ती स्वरलिपीत लिहायला सांगा. एका तालाची तिगुन गणित मांडून लिहायला सांगा. दोन समप्रकृती रागांतला फरक गाऊन दाखवायला सांगा. तिन्ही जमलं तर निर्धास्त बसवा. एखादं अडलं तर सहा महिने थांबा आणि तेवढंच पक्कं करा. आणि तिन्ही जमत नसताना केवळ दहावीच्या आधी उरकायचं म्हणून अर्ज भरणार असाल, तर ती परीक्षा तुमची आहे, मुलाची नाही. ती त्याला द्यायला लावू नका.